लहान मुलांसोबत घरच्या घरी शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आईबाबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. काही उत्तरं दोन-चार ओळींत संपली आहेत, काही चांगलीच लांबली आहेत. आकड्यांचं आणि अक्षरांचं उत्तर सगळ्यात लांब आहे, कारण पालकांचा जीव तिथेच अडकलेला असतो आणि घोळही तिथेच होतो.

रोज किती वेळ वेगळा काढायला हवा?

वेगळा? एक मिनिटही नाही काढलात तरी चालेल. चेष्टा नाही. कपडे वाळत घालणं, घड्या करणं, आंघोळ, जिन्याची चढउतार, कुठेतरी रांगेत ताटकळणं, हा वेळ मुलासोबत जातोच आहे. तोच थोडा संथ करायचा. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला तुम्हाला दोन मिनिटं लागतात, मुलाला घेऊन बसलात तर दहा लागतील. त्या वरच्या आठ मिनिटांत रंग येतो, लहानमोठं येतं, "याचा जोडीदार कुठे गेला?" हे कोडं येतं, आणि एक मोजा उरला की त्यावर गंभीर चर्चाही होते.

याउलट रोज संध्याकाळी 'अभ्यासाला' मांडी घालून बसवलेलं तीन वर्षांचं मूल नीट न्याहाळून पाहा. त्याचं निम्मं लक्ष सुटका कधी होते याकडे असतं.

शैक्षणिक खेळणी विकत आणावी लागतील का?

खोक्यावर 'शैक्षणिक' छापल्याने आतल्या वस्तूला काही होत नाही. घरातले डबे आणि त्यांची झाकणं जमिनीवर एकत्र ओता आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाला सोडून द्या. कोणतं झाकण कशावर बसतं, फिरवलं तर बसतं का, दाबलं तर काय होतं, असं त्याचं काम अर्धा तास चालतं. कपड्यांचे चिमटे डब्याच्या कडेला लावणं आणि काढणं हा अंगठा-तर्जनीचा उत्तम व्यायाम आहे. रिकामं पुठ्ठ्याचं खोकं तर काहीही होऊ शकतं.

एकच वस्तू विकत घ्यायची झाली, तर साधे लाकडी ठोकळे घ्यावेत असं मी म्हणेन. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे त्याने 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायला त्याने निवडलेल्या वस्तू होत्या लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन, दंडगोल आणि ठोकळे. त्यानंतर खेळण्यांचं जग कुठल्या कुठे गेलं, ठोकळ्यांना मात्र तोड सापडलेली नाही. मनोरा पडतो तेव्हा तो का पडला हे ठोकळाच सांगतो, आपल्याला बोलावं लागत नाही. आपण फक्त शब्द पेरायचे: वर, खाली, मधोमध, कडेला, तिरका, सरळ, याच्यावर तो, त्याच्या शेजारी हा.

बाळ जेमतेम तीन-चार महिन्यांचं आहे. त्याच्याशी काय बोलायचं?

हातात जे काम असेल तेच. "आता हा हात बाहीतून बाहेर काढू या. आला का? आला!" अगदी लहान बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं. कडेवर घेतलेल्या बाळापासून आपला चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. आवाज चढवून, शब्द लांबवून लाडात बोललं जातं ते बाळांना जास्त आवडतं, तेव्हा तसं बोलायला लाजू नका.

बाळ "अगूं" म्हणालं की आपणही काहीतरी म्हणायचं आणि थांबायचं. पुन्हा त्याची पाळी. हा संवादच आहे, फक्त शब्द यायचे आहेत. जागं असताना त्याला रोज थोडं थोडं करून पोटावर पालथं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात, अजून रांगायला न लागलेल्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं सांगितली आहेत. पुढे सात-आठ महिन्यांच्या सुमाराला 'कुक्' करण्यात त्याला अतोनात मजा येऊ लागते. लपलेली वस्तू दिसत नसली तरी असतेच, हे त्याला तेव्हा नुकतं उमगू लागलेलं असतं.

नुसतं बोलत राहायचं, की प्रश्न विचारायचे?

दोन्हींपेक्षा जास्त थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधक बाईंनी वर्गांमध्ये मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते आणि मग स्वतःच बोलू लागत होते. थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागली. घरी आपण याहून वेगळे नसतो. दोन वर्षांच्या मुलाला तर शब्द शोधायला, तो तोंडापर्यंत आणायला आणखी वेळ लागतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. पहिले काही दिवस हे फार अवघड जातं.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाच्या कानावर दिवसात किती शब्द पडतात यापेक्षा मोठ्यांशी त्याची किती देवाणघेवाण होते, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या प्रतिसादाशी जास्त जवळचा संबंध दिसला. म्हणजे भाषण नको, टोलवाटोलवी हवी.

प्रश्नांबद्दल एक सावधगिरी. "हा रंग कोणता? हे काय आहे? याला काय म्हणतात?" अशी सरबत्ती मुलाला लगेच ओळखू येते, कारण उत्तर तुम्हाला माहीत आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याऐवजी त्याचं वाक्य उचलून थोडं वाढवा. मूल म्हणतं, "बॉल गेला." आपण म्हणायचं, "हो, गेला की! पलंगाखाली गेला. आता कसा काढायचा बरं?" चुकीचा शब्द दुरुस्त करायचाही हाच मार्ग. "मी पाणी पिलो" म्हणालं तर "प्यायलास? सगळं प्यायलास?" एवढंच. "असं नाही म्हणायचं" हे कशाला मध्ये आणायचं?

मुलगी तीन वर्षांची आहे आणि १ ते ५० घडाघडा म्हणते. गणितात हुशार निघेल ना?

निघेलही. पण आकडे घडाघडा म्हणणं हे गाणं म्हणण्यासारखं आहे, मोजणं ही वेगळी गोष्ट. एक खेळ करून पाहा. वाटीत दहा-बारा ठोकळे ठेवा आणि म्हणा, "मला दोन दे बरं." मग, "आता पाच दे." तीन वर्षांची बरीच मुलं एक-दोन अचूक देतात आणि त्यापुढे सरळ मूठ भरून देतात. ५० पर्यंत म्हणणारीसुद्धा! कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमाराला हाच खेळ प्रयोग म्हणून मांडला. मुलं आधी 'एक' म्हणजे किती ते शिकतात, काही महिन्यांनी 'दोन', आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मग साडेतीन-चार वर्षांच्या आसपास कधीतरी लख्ख उजेड पडतो की मोजताना शेवटी जो आकडा आला, तितक्या वस्तू आहेत.

आपल्याला हे इतकं सोपं वाटतं की मुलाला उशीर का लागतो ते कळत नाही. पण विचार करा, लाल चेंडू लाल असतो, तो हातात घेऊन लालपणा दाखवता येतो. तीन चेंडूंमधला 'तीन' मात्र त्यांतल्या एकाही चेंडूत नसतो.

तर करायचं काय? मोजताना वस्तू एकीकडून दुसरीकडे सरकवा, म्हणजे एका वस्तूला एकच आकडा मिळतो. मोजून झालं की विचारा, "मग किती झाले?" मूल "पाच" म्हणण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर तो उजेड अजून पडायचा आहे. घाई नको. ५० चा पल्ला सोडून द्या आणि पाचपर्यंतचे आकडे रोजच्या कामात मुरवा: "तीन चमचे आण", "प्रत्येकाला एक वाटी ठेव, कुणाला राहिली का बघ", "अजून दोन पायऱ्या आणि पोचलो". वाट्या मांडण्याचं काम विशेष चांगलं. माणसाला वाटी, वाटीला चमचा अशी एकास एक जोडी लावणं हा मोजण्याचा पाया आहे, आणि कुणाला वाटी मिळाली नाही तर ते माणूस स्वतः बोलतं.

पाच-पाच बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, मग एका ओळीतली बटणं लांब लांब पसरवा. "आता कुठे जास्त?" चार-पाच वर्षांचं मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हा प्रकार जगाच्या नजरेला आणून दिला. समजावून सांगायला जाऊ नका, उपयोग होत नाही. दोनेक वर्षांनी तेच मूल तुमच्याकडे 'हे काय विचारणं झालं?' अशा नजरेने बघेल.

आता आपल्या मराठी आकड्यांबद्दल, कारण इथे मुलांवर उगीच अन्याय होतो. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' असंच म्हणतात, बाराला 'दहा-दोन'. आपल्याकडे तेवीस म्हणताना तीन आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी आणि ३ नंतर. त्यावर कडी म्हणजे एकोणतीस: ऐकायला तिसाचा, दिसायला विसातला. त्यामुळे तुमचं मूल अठ्ठावीसनंतर "नववीस" म्हणालं, तर मला ती चूक वाटतच नाही. त्याने नियम शोधला आहे, भाषेने तो पाळला नाही एवढंच. "नववीसलाच एकोणतीस म्हणतात" असं सांगा आणि पुढे चला.

आणखी एक खेळ सांगते, त्याला चांगला पुरावाही आहे. एका लांब पट्टीवर ओळीने १ ते १० घरं आखा. १ आणि २ लिहिलेला भोवरा फिरवायचा किंवा चिठ्ठी उचलायची आणि सोंगटी पुढे न्यायची. नेताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हा खेळ कमी उत्पन्नाच्या घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी १५-२० मिनिटं खेळून पाहिला. मुलांची आकड्यांची समज स्पष्टपणे सुधारली. ज्यांनी आकड्यांऐवजी रंगांच्या घरांचा तसाच खेळ खेळला, त्यांच्यात तो फरक पडला नाही. पट्टी आखायला पुठ्ठा आणि पेन पुरतं.

पुस्तक वाचायला घेतलं की मूल पळून जातं. आणि थांबलं तर तेच ते पुस्तक मागतं.

दीड वर्षांच्या मुलाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकावं असा कुठे नियम आहे? चार पानं एकदम उलटू द्या, उलटं धरू द्या, एकाच चित्रावर दहा मिनिटं घालवू द्या. मजकूर सोडून चित्राबद्दल बोललात तरी ते वाचनच आहे. "हा कुत्रा का पळतोय? तुला काय वाटतं, पुढे काय होईल?" अशा गप्पा मारत वाचण्याच्या पद्धतीवर १९८० च्या दशकापासून बरंच काम झालं आहे, आणि सरळ वाचून दाखवण्यापेक्षा तिने मुलांची भाषा जास्त वाढते.

तेच तेच पुस्तक मागणं हे चांगलं लक्षण. पहिल्या वेळी गोष्ट कळते, पाचव्या वेळी शब्द कळतात, दहाव्या वेळी तुम्ही एक शब्द मुद्दाम गाळलात तर मूल तो भरतं. कंटाळा येतो तो आपल्याला. त्यावर उपाय माझ्याकडे नाही.

अक्षरओळख कधी सुरू करायची?

अक्षराआधी कान. आपली लिपी आवाजाच्या तुकड्यांवर चालते, तेव्हा शब्दाचे तुकडे ऐकू येणं ही पहिली पायरी. टाळ्या वाजवत बोला: खि-ड-की, तीन टाळ्या. पा-णी, दोन. मग घरातल्या प्रत्येकाचं नाव. कुणाच्या नावाला सगळ्यात जास्त टाळ्या लागतात? साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना हा खेळ पुरत नाही इतका आवडतो.

त्यानंतर शब्दांची साखळी. कपाट, ट वरून टोपी, प वरून पिशवी, व वरून वही, ह वरून हात, त वरून तळं… आणि गाडी अडते, कारण ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाहीच. हे आधी सांगू नका. मुलाला शोध शोध शोधू द्या. पाच वर्षांच्या मुलाने "ळ वरून काहीच नाही!" असं स्वतः जाहीर करणं याला तक्त्यावरचा 'ळ' दहादा गिरवण्याची सर येणार नाही.

अक्षरं दाखवायची तर मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर आधी. ते त्याचं असतं. पाटीवर, डब्यावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात "तुझं अक्षर सापडलं का?" विचारा. महिन्याभरात ते तुमच्याआधी शोधू लागेल. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एका दिवशी शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं. ऱ्हस्व इकारात मुलं अडखळतात त्याचंही कारण आहे: 'कि' म्हणताना क आधी ऐकू येतो, लिहिलेली वेलांटी मात्र क च्या आधी उभी. हे विचित्र आहे असं मुलाला सांगून टाकलं, तर त्याला बरं वाटतं.

मग लिहायला कधी बसवू? पेन्सिल मुठीत धरतो.

नवजात बाळाच्या मनगटातली छोटी हाडं कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात. ती एकेक करून पुढची कित्येक वर्षं हाडाची होत जातात, शेवटचं तर आठ ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान. मुठीत धरणं, मग बोटांनी धरणं, मग चार ते सहा वर्षांच्या सुमाराला तीन बोटांची स्थिर पकड, असा हा प्रवास आहे. पकड ओरडून सुधारत नाही, हाताला काम मिळालं की सुधारते. पीठ किंवा माती मळणं, ओला स्पंज पिळणं, कागद फाडणं, बोथट कात्रीने कापणं, बटणं लावणं, भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर उभ्याने रंगवणं. खडूचे अगदी छोटे तुकडे द्या, बोटभर खडू मुठीत मावतो पण नखाएवढा तुकडा बोटांनीच धरावा लागतो.

अक्षरं आणि आकडे उलटे काढते. काही दोष आहे का?

सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. कप डावीकडे तोंड करून ठेवा नाहीतर उजवीकडे, तो कपच राहतो. मुलाने जन्मापासून शिकलेला हा नियम अक्षरांच्या बाबतीत अचानक मोडतो. आपले ३ आणि ६ तर एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले, 'छत्तीसचा आकडा' त्यावरूनच आला. त्यांची गल्लत मुलाकडून होणारच. सात वर्षांनंतरही बऱ्याच प्रमाणात राहिली आणि वाचनातही अडचण दिसली, तर शिक्षकांशी बोला.

कामात मदतीला घेतलं की कामाचाच खोळंबा होतो. कसं जमवायचं?

खोळंबा होतो, हे खरं आहे, आणि रोज प्रत्येक कामात घ्यायला कुणी सांगितलेलं नाही. एक काम निवडा, ज्याची तुम्हाला घाई नसते.

मारिया माँटेसरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथे मुलांना खोटी भांडी दिली नव्हती. खरं पाणी ओतणं, खरी बटणं लावणं, खरी फरशी पुसणं हाच अभ्यास होता. त्यांच्या पद्धतीतली एक युक्ती घरी फार कामाची आहे: दाखवताना बोलायचं नाही. आपण "असं धर, इकडे बघ, सांडू नकोस" म्हणत दाखवतो, आणि मुलाला हात बघावे की तोंड हेच कळत नाही. सावकाश, गप्प राहून एकदा करून दाखवा आणि बाजूला व्हा.

मग छोटी छोटी सोय. पेला भरायला मोठा जग नको, लहान तांब्या, तोही अर्धा भरलेला. शेजारी स्पंज ठेवलेला. सांडलं की पुसणं हा कामाचाच भाग, शिक्षा नव्हे. झाडायला दिलंत तर जमिनीवर खडूने चौकोन काढा आणि कचरा चौकोनात आणायला सांगा. 'स्वच्छ कर' हे मुलाला कळत नाही, 'चौकोनात आण' हे कळतं. आमच्या घरी हा चौकोन इतका लाडका झाला की कचरा संपल्यावर मुद्दाम कागद फाडून टाकले गेले.

विज्ञान शिकवायला मला स्वतःला कुठे येतं?

यायची गरज नाही. आंघोळीच्या बादलीत बुडणं-तरंगणं घ्या. अट एकच: वस्तू सोडण्याआधी अंदाज सांगायचा. मुलं सुरुवातीला म्हणतात, जड बुडतं, हलकं तरंगतं. चमचा बुडतो, झाकण तरंगतं, सगळं जुळतं. मग स्टीलची रिकामी वाटी अलगद पाण्यावर ठेवा. चमच्याहून जड, तरी तरंगते! आता त्यात थोडं थोडं पाणी ओता. त्या वेळी मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. उत्तर लगेच देऊन टाकू नका.

सावलीचंही तसंच. सकाळी मुलाला उन्हात उभं करून पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ काढा. दुपारी त्याच पावलांवर पुन्हा उभं करा. सावली कुठे सरकली, आखूड का झाली? चार वर्षांच्या मुलांची स्पष्टीकरणं ऐकण्यासारखी असतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच ती तपासूनही बघतात.

दिवसभर "का? का? का?" चालू असतं. प्रत्येकाचं उत्तर द्यायचं?

पहिल्या दोन-तीनांचं खरं उत्तर द्या. मग "तुला काय वाटतं?" विचारा. माहीत नसेल तर "मलाही नाही माहीत, शोधू या" म्हणा, आणि खरोखर शोधा. "कारण मी सांगते म्हणून" हे उत्तर कधीतरी सगळ्यांच्याच तोंडून निघतं, त्याचा बाऊ नको.

मोबाइलवरचे व्हिडिओ आणि ॲप चालतील का?

जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन असं: दोन वर्षांपर्यंत पडद्यासमोर बसवणं नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तम. याच मार्गदर्शनात एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी असंही आहे, ते मात्र कुणी लक्षात ठेवत नाही.

बाळांच्या बाबतीत कारण सोपं आहे. पॅट्रिशिया कूल या अमेरिकी संशोधक बाईंनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकणारी बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तीच भाषा पडद्यावरून ऐकणारी बाळं काहीही शिकली नाहीत. आणि 'बाळाला मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढते' हे ज्या १९९३ च्या प्रयोगावरून पसरलं, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम १०-१५ मिनिटंच टिकला होता. संगीत ऐकवा की, आवडतं म्हणून.

दूरच्या आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट. तिथे पलीकडचं माणूस मुलाला उत्तर देतं.

घरात दोन भाषा बोलल्या जातात. मुलाचा गोंधळ होणार नाही ना?

नाही. दोन्हींची सरमिसळ करेल, एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घालेल, ते ठीक आहे. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. ज्या भाषेत तुम्हाला रागावता, लाडावता, गोष्ट सांगता येते, तीच मुलाशी बोला.

प्रत्येक वेळी बक्षीस द्यावं का?

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच कबूल करून चित्रांसाठी बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रं काढणं कमी केलं. ज्यांना बक्षीस मिळालं नाही, किंवा अचानक मिळालं, त्यांचं कमी झालं नाही. जे मूल आपणहून करतंय, त्याला मोबदला लावू नका. शाबासकी द्यायची तर नेमकी द्या: "हुशार गं माझी!" पेक्षा "मनोरा दोनदा पडला तरी तू खाली मोठा ठोकळा लावून पाहिलास."

दोघंही नोकरी करतो, संध्याकाळी त्राण उरत नाही.

दिवसातली एकच गोष्ट धरा, आंघोळ किंवा झोपायची वेळ, आणि ती फोनशिवाय करा. बाकीचं जमलं तर जमलं. झोपताना "आज काय काय झालं?" एवढं क्रमाने आठवणंही भाषेचं आणि आठवणीचं चांगलं काम आहे. सुरुवात तुम्ही तुमच्या दिवसापासून करा, म्हणजे मूल आपोआप आपला सांगू लागतं.

दोन वर्षांचा आणि पाच वर्षांची, दोघांना एकत्र कसं सांभाळायचं?

काम एक, वाटे दोन. धाकटा मोजे टोपलीतून काढून देईल, थोरली जोड्या लावून मोजेल. थोरलीला शिक्षिका करून टाकण्याचा मोह आवरा, तिलाही कधीतरी एकटीला तुम्ही हव्या असता.

सतत "कंटाळा आला" म्हणतो.

येऊ द्या. पंधरा मिनिटं सुचवायचं काही नाही.

सुरक्षिततेचं काय बघायचं?

पाण्याचा खेळ चालू असताना जागेवरून हलायचं नाही, फोन घ्यायलाही नाही. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज न करता बुडतं. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटे लोहचुंबक घरात असतील तर कुलपात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक दवाखान्यात जायचं, कारण अशी बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

सगळं करूनही मूल मागे आहे असं वाटतं. कधी काळजी करायची?

शेजारच्या मुलाशी तुलना करून नाही. पण काही खुणा अशा आहेत की 'होईल आपोआप' म्हणत थांबू नये. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "बाबा ये", "पाणी दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडून बोलणं नाही. हाकेला प्रतिसाद नाही. आणि कुठल्याही वयात, आधी येत असलेला शब्द किंवा कौशल्य गेलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे. पहिली तपासणी बहुधा कानांची असेल, कारण कमी ऐकू येणं हे सहज नजरेतून सुटून जातं.

जाताना मुलाला येणारे सगळे शब्द कागदावर लिहून न्या, बोबडे असतील तसेच. घरी खेळताना घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओही ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर मूल तोंडातून अक्षर काढत नाही.